चक्क्याचं पाणी, बटाट्याच्या साली आणि शिळं फरसाण: छोट्या युनिटमध्ये बायोगॅस प्लांट कसा चालवायचा

आमचं युनिट कराडजवळ आहे, फार मोठं नाही, चक्का-पनीर-बासुंदी एका बाजूला आणि फरसाण-वेफर्स दुसऱ्या बाजूला, आणि गेली काही वर्षं त्यातला निम्मा तरी कचरा आम्ही गॅस करून चुलीवर जाळतोय. ओळखीतले बरेच जण विचारतात की बाबा प्लांट कुठून घेतला, केवढ्याला पडला. प्लांट घेणं हे सगळ्यात सोपं काम आहे, टाकी काय कुणीही बसवून देतं. रोज त्याला काय घालायचं, किती घालायचं आणि मुख्य म्हणजे कधी हात आखडता घ्यायचा हे कळलं तरच गॅस मिळतो, नाहीतर सहा महिन्यांनी त्या टाकीत पावसाचं पाणी साठलेलं दिसतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी थोडं आतलं गणित. टाकीत हवा जात नाही, आत जिवाणूंच्या दोन टोळ्या असतात असं समजा. पहिली टोळी अन्न फोडून त्याचं आम्ल करते, दुसरी टोळी ते आम्ल खाऊन मिथेन करते. पहिली टोळी दांडगी आणि घाईची, दुसरी नाजूक आणि सावकाश वाढणारी. पहिलीने जेवढं आम्ल केलं तेवढं दुसरीला संपवता आलं तर सगळं सुरळीत, नाही संपवता आलं तर टाकी आंबते आणि दुसरी टोळी मरायला लागते. तुम्ही आयुष्यभर ज्या काही चुका कराल त्या सगळ्या शेवटी इथेच येऊन पडतात.

आता शेणाचा गोबरगॅस तर आपल्याकडे जुनाच. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ सालीच सांडपाण्यातून गॅस काढून इंजिन चालवलं होतं. पण शेण म्हणजे गाईने आधीच पचवून, त्यातला जीव काढून उरलेला चोथा. पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी हाच मुद्दा धरला की जिवाणूंना चोथा देण्यापेक्षा थेट पिठूळ आणि गोड अन्न द्या, आणि त्यातून त्यांचा घरगुती छोटा प्लांट आला ज्याला २००६ साली अॅश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्राचा निसर्गऋण प्लांटही ओल्या कचऱ्यावरच चालतो. फरक किती तर एक घनमीटर गॅसला २५ किलो शेण लागतं आणि तेवढाच गॅस दहा-बारा किलो खरकट्यातून निघतो. म्हणजे खाद्यपदार्थाच्या धंद्यातला कचरा हा शेणापेक्षा दुप्पट जोरकस, पण जोरकस आहे म्हणूनच तो लवकर आंबतो पण.

पहिलं काम: आठ दिवस काटा

प्लांटवाल्याला फोन करायच्या आधी आठ दिवस सगळा कचरा वजन करून वहीत लिहा. अंदाजाने सांगू नका, मी सांगितला होता "असेल शंभरेक किलो", आणि काट्यावर निघाला बावन्न. वेगवेगळ्या बादल्या करा: साली आणि भाजीचं, पीठ-कणीक-शिळं फरसाण, दुधाकडचं पाणी. आमच्याकडे साधारण रोज ५० किलो घट्ट कचरा आणि १०० लिटर चक्क्या-पनीरचं पाणी निघायचं, सणासुदीला सोडून. सणासुदीचं पुढे सांगतो, तिथेच आमची जिरली.

मग हिशोब असा. ५० किलो मिश्र कचऱ्यातून चार ते पाच घनमीटर गॅस. चक्क्याच्या पाण्यात दुधातली साखर बऱ्यापैकी उरलेली असते, साधारण चार ते पाच टक्के, त्यामुळे १०० लिटर पाण्यातून दोन ते अडीच घनमीटर. एकूण सहा-सात घनमीटर रोज. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे साधारण ४५० ग्रॅम एलपीजी, म्हणजे रोज तीन किलोच्या आसपास, म्हणजे १९ किलोचं कमर्शियल सिलिंडर सहा-सात दिवसांनी एक वाचतं. महिन्याला चार-साडेचार. तुमच्या गावातला सिलिंडरचा भाव घाला, प्लांटचं कोटेशन त्याने भागा, किती महिन्यांत पैसे सुटतात ते तुमचं तुम्हाला कळेल, कुणाच्या ब्रोशरवर जाऊ नका कारण ब्रोशरमधला गॅस कायम एप्रिलच्या उन्हातला असतो, थंडीत तेवढा निघत नाही.

टाकीचा आकार काढायला दोन गोष्टी बघायच्या. एक, घातलेला माल आत निदान ४० ते ५० दिवस राहिला पाहिजे. आमचं घट्ट, पातळ आणि कालवायचं पाणी मिळून रोज २०० लिटर जातं, गुणिले ५० म्हणजे दहा हजार लिटर, दहा घनमीटर. दोन, एक घनमीटर टाकीला दिवसाला दीड, फार तर दोन किलो सुका सेंद्रिय माल, त्याच्यावर नाही. ओल्या कचऱ्यात पाणीच जास्त असतं, सुका माल १८-२० टक्के धरा. विक्रेता जर म्हणाला की "साहेब पाच घनमीटरमध्ये बसवून देतो", तर त्याला हा दुसरा आकडा विचारा, चेहरा बघा.

फॅक्टरीची मोठी गोष्ट वेगळी. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो, त्याच्या एका घनमीटरमधून २५-३० घनमीटर गॅस काढतात, तिथे आपल्यासारखी बादली घेऊन कुणी उभं नसतं. आणि तुमचा कचरा जर नुसतं पातळ धुण्याचं पाणी असेल, वेफर्सचं स्टार्चचं पाणी वगैरे, तर शेणाच्या धर्तीची टाकी उपयोगाची नाही, प्रचंड मोठी लागेल. त्याला यूएएसबी नावाचा वेगळ्या धर्तीचा प्लांट लागतो, तो सत्तरच्या दशकात नेदरलँड्समध्ये लेटिंगा यांनी काढला, त्यात जिवाणूंचे दाणे तळाशी बसून राहतात आणि पाणी खालून वर भराभर निघून जातं. ते इंजिनिअर लोकांचं काम, ह्या लेखात नको.

काय घालायचं, काय नाही

बटाट्याच्या साली, उकडलेला बटाटा, भात, कणीक, तुटकं फरसाण, शेव, पावाच्या कडा, फळांचा गर, चक्क्याचं पाणी: हे सगळं उत्तम. पण बारीक करूनच. आम्ही आधी साली तशाच टाकायचो, त्या वर तरंगून आत जाड साय धरली, खालून गॅस वर यायला जागाच नाही. आता ग्राइंडर ठेवलाय, वापरलेला हॉटेलवाल्याकडून घेतला. नाहीतर दोन दिवस पिंपात भिजत ठेवा, आपोआप मऊ पडतं.

कांद्याची वाळकी सालं नकोत, तीही तरंगतात. लिंबू-संत्र्याच्या साली नकोत, त्यातलं तेल जिवाणूंना सोसत नाही. आंब्याच्या कोयी, नारळाच्या करवंट्या, शेंगदाण्याची टरफलं, उसाची चिपाडं यातून गॅस होत नाही, झालाच तर वर्षभराने, ती सरळ भट्टीत किंवा ब्रिकेटवाल्याला. अंड्याची टरफलं आणि हाडं तळाशी बसून गाळ वाढवतात.

डाळी, बेसन, पनीरचा चुरा असलं प्रोटीनचं थोडं चालतं, उलट जरा असलेलं चांगलं, पण नुसतं तेच घातलं तर आत अमोनिया होतो. आम्ही बेसनाचा खरवडा बटाट्याच्या बादलीत मिसळूनच घालतो.

आता दोन गोष्टी ज्या लोक हमखास चुकतात. पहिली, तळणीचं तेल. तेलात गॅस भरपूर असतो हे खरंय, पण एकदम गेलं तर जिवाणूंवर लेप बसल्यासारखं होतं आणि वरची साय दगडासारखी होते. फरसाणाला लागलेलं तेल चालतं, कढईतलं उरलेलं नाही. ते टाकायचंच नाही, विकायचं, कारण १ जुलै २०१८ पासून एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याचा, नियम आहे की तेलातले पोलर कंपाऊंड (तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, आणि असं तेल गोळा करून बायोडिझेलला देणारे अधिकृत लोक आहेत, ते येऊन पैसे देऊन घेऊन जातात. तीही बायोएनर्जीच, फक्त तुमच्या टाकीत नाही.

दुसरी, धुण्याचं पाणी. दुधाचे कॅन आपण कॉस्टिकने धुतो, फरशी फिनाइलने, ब्लीचिंग पावडरने. त्यातलं एक बादलीभर जरी इनलेटला, म्हणजे माल घालायच्या तोंडात, गेलं तर महिन्याभराची मेहनत गेली. आम्ही पाइपच वेगळे केलेत आणि इनलेटच्या झाकणाला लाल रंग मारलाय. औषधं चालू असलेल्या म्हशीचं परत आलेलं दूधही नको, त्यातली अँटिबायोटिक आतल्या जिवाणूंनाही तितकीच लागू पडतात.

सुरुवात

नवी टाकी कचऱ्याने सुरू करायची नसते. ताजं शेण आणि पाणी निम्मं निम्मं कालवून, गवत-खडे काढून टाकी भरायची. गावात कुणाचा चालू गोबरगॅस असेल तर त्याची चार-पाच पिंपं स्लरी (टाकीतून बाहेर येणारा पातळ रेंदा) मिळवा, हे म्हणजे दह्याला विरजण लावण्यासारखं, निम्मा वेळ वाचतो. मग नुसतं थांबायचं. उन्हाळ्यात १५ ते २५ दिवस, थंडीत महिना-सव्वा महिना. जिवाणूंना ३५ अंशाच्या आसपास बरं वाटतं, आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री थंडी पडली की गॅस पाऊणवर येतो, टाकी उन्हात ठेवा आणि थंडीत कोमट पाण्यात माल कालवा. भट्टीजवळ पाणी तापतंच की.

पहिला गॅस आला की लोक आनंदाने काडी ओढतात. नका ओढू. पहिल्या एक-दोन भरण्यांत हवा मिसळलेली असते आणि हवेत ५ ते १५ टक्के मिथेन म्हणजे स्फोटाचं मिश्रण, ती भरणी व्हॉल्व्ह उघडून मोकळ्यावर सोडून द्यायची. आणि कधीही पेटवून बघायचं तर चुलीवर, टाकीच्या तोंडाशी कधीच नाही.

निळी ज्योत लागली की कचरा सुरू करा, पण ५० किलोचा प्लांट म्हणून ५० किलो नाही. पहिला आठवडा ५ किलो, दुसरा १०, मग १५, असं करत दोन-सव्वादोन महिन्यांनी पूर्ण. आमचे आचारी मामा म्हणाले तसं, "शेठ, बाळंतिणीला पहिल्या दिवशी पुरणपोळी देत्यात व्हय?"

दसऱ्याची गोष्ट

प्लांट सुरू होऊन सहा महिने झाले होते, सगळं झकास चाललेलं, त्यामुळे अंगात मस्ती. दसऱ्याच्या आधी श्रीखंडाची ऑर्डर तिप्पट, चक्का टांगलाय तिकडे पाणीच पाणी, नाल्यात सोडायचं नाही हे ठरलेलं, मग मी म्हटलं घाला प्लांटला, गॅस जास्त मिळेल, तळणीलाही वापरू. आदल्या दिवशी ४०० लिटर, दसऱ्याच्या दिवशी पहाटेपासून ६०० लिटर. संध्याकाळी टाकीवरचा गॅस साठायचा तरंगता ड्रम असा वर आलेला की मी फोटो काढून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा बासुंदीची कढई चढवून काड्यांवर काड्या ओढतायत आणि गॅस फुस्स करून विझतोय. ड्रम फुगलेला, प्रेशर आहे, पण पेटत नाही. "शेठ, गॅस रुसलाय." नोझलपाशी वास घेतला तर नेहमीचा सडक्या अंड्याचा नाही, शिरक्यासारखा आंबट. आंबटपणा दाखवणारा पीएच पेपर बुडवला (आकडा जितका कमी तितकं आंबट), रोज हिरवट येतो तो पिवळा-नारिंगी आला, साडेपाचच्या खाली. ड्रममध्ये होता तो जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड. चक्क्याचं पाणी मुळातच आंबट, पीएच साडेचारच्या आसपास, त्यात साखर, पहिल्या टोळीने दोन दिवसांत आम्लाचा डोंगर केला आणि दुसरी टोळी त्याच्याखाली गाडली गेली.

दुरुस्ती काय केली ते नीट लिहून ठेवा, तुम्हालाही लागेल. फीडिंग पूर्ण बंद, एक चमचाही नाही. टाकीतली पाचवा हिस्सा स्लरी बाहेर काढली आणि तेवढीच शेजारच्या गोबरगॅसची ताजी स्लरी भरली. रोज दोन किलो खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून इनलेटमधून, सहा दिवस, रोज पीएच बघून. कुणीतरी चुना सांगितला होता, चुना चालतो पण जास्त गेला तर आतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि टाकीत उलटा ओढा बसतो, बंद प्लॅस्टिकची टाकी असेल तर आत दबते, म्हणून सोडाच बरा. १९ दिवसांनी निळी ज्योत आली. मधल्या काळात सिलिंडर आणावे लागले ते वेगळंच, आणि मामांचे टोमणे त्याहून वेगळे.

तेव्हापासून नियम एकच: सण असो लग्न असो, रोजच्या मापापेक्षा दहा टक्क्यांवर वाढवायचं नाही, आणि वाढवलं तर तीन-चार दिवस पीएच बघूनच पुढे. ६.८ ते ७.४ मध्ये आहे तोवर निर्धास्त. ६.६ दिसला की त्या दिवशी उपास.

गॅस चुलीपर्यंत

गॅसमध्ये मिथेन ५५ ते ६५ टक्के, बाकी कार्बन डायऑक्साइड, थोडी वाफ आणि तो अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. वाफ पाइपमध्ये थंड होऊन पाणी साठतं आणि ज्योत उड्या मारायला लागते, म्हणून पाइपला उतार द्या आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक. सल्फाइड बर्नर आणि भांडी दोन्ही खातो, त्यासाठी पाइपमध्ये एक डबा बसवून त्यात लेथवरचा लोखंडाचा गंजलेला कीस भरायचा, गंज त्याला धरून ठेवतो. कीस काळा पडला की बाहेर काढून ओला करून हवेवर पसरा, पुन्हा तांबडा होतो. पसरताना तापतो, कागदा-गोणपाटावर टाकू नका.

चुलीचं म्हणाल तर एलपीजीच्या शेगडीचं जेट ड्रिलने मोठं करणारे वस्ताद असतात, पण बायोगॅसचं प्रेशर फारच कमी, आठ-दहा सेंटिमीटर पाण्याइतकं, त्यासाठी बनवलेला बर्नरच घ्या, पैसे वसूल होतात. ज्योत मागे टाकीकडे जाऊ न देणारा फ्लेम अरेस्टर पाइपमध्ये असलाच पाहिजे, प्लांटवाला विसरला तर बिल रोखा.

आणि हा गॅस कुठे वापरायचा यालाही डोकं लागतं. तळणीला एकदम कडक आच लागते, कढई मोठी, तिथे बायोगॅस हळू पडतो, शेव तेल पिते. बासुंदीला मात्र हा गॅस जणू देवाने दिलाय, मंद, एकसारखा, तासन्‌तास. १०० लिटर दूध उकळीला आणायला दोन-सव्वादोन घनमीटर जातो. आम्ही सकाळी दूध आणि दुपारी बासुंदी याच्यावर, तळण सिलिंडरवर, असं वाटून टाकलंय. उरलेला गॅस कॉम्प्रेसरने सिलिंडरमध्ये भरायचे व्हिडिओ फिरतात ते बघून हसा आणि सोडून द्या, ते घरी करायचं काम नाही.

टाकीत उतरायचं नाही. कधीच नाही, रिकामी दिसत असली तरी, कुणाचा मोबाइल पडला तरी. आत श्वास घेतला की माणूस तिथेच कोसळतो, आणि त्याला काढायला जाणारा दुसराही. गाळ काढायचा असेल तर पंपाने. आमच्या टाकीच्या झाकणाला कुलूप आहे आणि किल्ली ऑफिसात.

प्लांट आणि प्रॉडक्शन एरिया यात अंतर ठेवा, माश्या येतात आणि फूड इन्स्पेक्टरही. कचऱ्याच्या बादल्या रात्रभर उघड्या ठेवायच्या नाहीत.

स्लरी

जेवढं घालाल साधारण तेवढंच बाहेर येतं, हे कुणी आधी सांगत नाही. रोज २०० लिटर स्लरी जाणार कुठे? शेती असेल तर प्रश्न नाही, आमच्याकडे शेजारचे अण्णा ऊस करतात, ते पाण्यात पाचपट पातळ करून सरीतून सोडतात. तुमचं युनिट एमआयडीसीत असेल तर ही सोय आधी लावा आणि मगच ऑर्डर द्या. थोडी स्लरी आम्ही परत कचरा कालवायला वापरतो, नवं पाणी वाचतं आणि आंबटपणाही मारला जातो, पण सगळीच फिरवायची नाही, मीठ साठत जातं. फरसाणात मीठ असतंच ना.

मामांचं रोजचं काम दहा मिनिटांचं: सकाळी पीएच पेपर, ड्रमची उंची पट्टीने, किती किलो घातलं, ज्योत निळी की पिवळी, हे चार रकाने वहीत. यंदा पाडव्याला ७०० लिटर पाणी निघालं. प्लांटला ११० लिटर घातलं, त्यावर वहीत मामांची सही, बाकीचं तीन गोठ्यांत बेताबेताने वाटून दिलं, आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बासुंदी नेहमीच्या वेळेला उतरली.